बगळ्याचा खटका

चाकूचं वेड असलेल्या माणसांमध्ये तुम्ही कधी बसला नसाल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्यांच्यासमोर 'चाकू तो चाकू, त्यात काय एवढं' असं चुकूनही म्हणू नका. सगळी सकाळ फुकट जाईल, वर चार शब्द ऐकून घ्यावे लागतील ते वेगळेच.

अशी मंडळी दर सुट्टीच्या दिवशी सकाळी दाजींच्या कारखान्यात जमायची. कारखाना म्हणजे काय, तर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची लांबट खोली. एका भिंतीला फोमच्या लाद्या, दुसऱ्या भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि मधोमध कापायचं मोठं लाकडी टेबल. त्या टेबलावर चहाचे पेले आणि चाकू मांडायचे, आणि मग जो वाद सुरू व्हायचा तो दुपारच्या जेवणाला कोणाच्या तरी बायकोचा फोन येईपर्यंत.

वाद एकच, बगळा छाप चाकू चांगला की टाकाऊ.

बगळ्याच्या बाजूनं मामा. तो दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ, पण सगळं जग त्याला मामाच म्हणायचं. पुढच्याच गल्लीत त्याचं चष्म्याचं दुकान होतं, लग्न केलेलं नव्हतं, आणि जीव लावायला त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक भाची आणि दुसरा बगळा. बगळा घडीचा चाकू. पात्यावर एका पायावर उभा असलेला बगळा कोरलेला. वजनाला इतका हलका की शर्टाच्या खिशात ठेवून माणूस विसरून जाईल. अंगठ्यानं पात्यावरच्या बोंडाला जरा रेटा दिला की पातं सुळकन बाहेर, आणि आतली पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी बसायची. टक्! त्या टक्साठीच लोक वेडे होते. मामा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर तपासतानासुद्धा दुसऱ्या हातानं खिशात बगळा उघडत-मिटत बसायचा. गिऱ्हाईक घाबरायचं, मामाच्या गावीही नसायचं.

दाजींना त्या आवाजाचा राग होता. "आवाज करायला घुंगरू घ्या ना, मामासाहेब," ते म्हणायचे. "चाकूनं कापायचं असतं." त्यांचा स्वतःचा चाकू दुसऱ्या छापाचा, जाडजूड, ओबडधोबड, दोन हातांनी नखं मोडेपर्यंत ओढल्याशिवाय न उघडणारा. मंडळींनी त्याचं नाव खेचर ठेवलं होतं. दाजींना ते नाव मनापासून आवडायचं.

तर या बगळ्याची एक खोड होती, आणि ती बगळेवाल्यांनाही मान्य होती. खटका चिकटायचा. चाकू मिटायला पट्टी बाजूला सारावी तर ती हटून बसायची, अंगठा दुखून यायचा. त्यावर मामानं तोड काढली. चष्म्याच्या काड्या घासायचं बारीक चाक त्याच्याकडे होतंच. त्यानं बगळा खोलला, पट्टीचं टोक त्या चाकावर धरलं आणि आरशासारखं गुळगुळीत करून टाकलं. वर तेलाचा एक थेंब. मग काय, बोट लावायचा अवकाश, चाकू अलगद मिटायचा! मामा खूश. बगळा बनवणाऱ्या साहेब लोकांना जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, याची गुदगुली त्याला कितीतरी दिवस पुरली.

आणि मग त्यानं तेच काम भाचीच्या चाकूवर केलं.

भाची म्हणजे दाजींची लेक, तिला घरात खारू म्हणायचे. लहानपणी कपाटावर चढून बसायची म्हणून खारू, आणि मोठी होऊन तिनं कामही तसलंच धरलं. इमारतींच्या अंगावर लोखंडी चौकटींत जाहिरातींची अवाढव्य कापडं ताणलेली असतात ना, ती चढवायची आणि उतरवायची. कमरेला पट्टा, पाठीला दोर, पायाखाली काही नाही. दाजींनी घरात आदळआपट केली, आईनं, म्हणजे मामाच्या ताईनं, अबोला धरला, पण पोरगी ऐकेल तर शपथ. शेवटी दाजींनी तिला एक खेचर आणून दिला. ती म्हणाली, बाबा, याला दोन हात लागतात, माझा एक हात दोरावर असतो. तेव्हा मामानं गुपचूप तिच्या हातात बगळा ठेवला. हातमोजा घालूनही एका हातानं मिटता यावा म्हणून त्याची पट्टी स्वतःच्या चाकूपेक्षाही जास्त वेळ चाकावर धरलेली.

"बाबाला सांगू नकोस हं मामा. घर डोक्यावर घेईल."

"मी कशाला सांगतोय? मला काय जीव नकोसा झालाय?"

कामावरून परतताना ती मामाच्या दुकानात डोकवायची, काउंटरवर कोपर टेकून म्हणायची, "ऐक." टक्. मामाचा दिवस सार्थकी लागायचा. तसा मामा भित्रा माणूस. दोर तुटेल म्हणून भ्यायचा, वारा सुटला की भ्यायचा. मध्यंतरी खारूचं बोट कामाच्या गाडीच्या दारात सापडलं, भलंमोठं बँडेज बांधून आली, तर त्यानंतर तो गाडीच्या दारालाही भ्यायला लागला. "दार लावताना हात आधी बघत जा गं," हे त्याचं रोजचं पालुपद. भीती वाटली नाही ती एकट्या चाकूची.

त्या सुट्टीच्या सकाळी दाजी जरा जास्तच रंगात होते. पोस्टमन म्हणून एक जण मंडळींत होता, त्यानं नवा बगळा घेतला होता आणि टेबलावर ठेवून तो इतरांकडे बघत होता. दाजींना ते बघवलं नाही.

"आज निकालच लावू," ते म्हणाले. "माणूस कापतो तेव्हा सगळा जोर धारेवर, खरं ना? पण चाकू अडकला की आपण काय करतो? मागे ओढतो, हलवतो, उचकटतो. मग जोर येतो पात्याच्या पाठीवर. तेव्हा खटका टिकला तर तो चाकू. नाहीतर उंदराचा सापळा, आणि उंदीर म्हणजे आपली बोटं."

त्यांनी जाड चामड्याची पट्टी घेतली आणि मुठीवर, बोटांच्या जागी गुंडाळली. पात्याची पाठ लाकडाच्या ठोकळ्यावर मारायची, इतकीच परीक्षा. आधी खेचर. ठाण, ठाण, ठाण. खेचर ढिम्म. मंडळींनी माना डोलावल्या. पोस्टमननं आपला नवाकोरा चाकू हळूच खिशात घातला तेव्हा हशा पिकला.

"माझा घ्या," मामा म्हणाला. तोऱ्यात म्हणाला.

दाजींनी बगळा उघडला, चामडं गुंडाळलं, ठोकळ्यावर मारला. टिकला. पुन्हा मारला. टिकला. मामानं पोस्टमनकडे बघून भुवया उडवल्या. दाजींनी तिसऱ्यांदा मारला तेव्हा फारसा जोरही लावला नव्हता. पण या वेळी आवाज वेगळा आला, दबका. दाजींचा हात जागीच थांबला. पातं मिटलं होतं आणि चामड्यात रुतलं होतं.

एकच गिल्ला झाला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी मामाच्या पाठीत थाप मारली. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पातं चामड्यातून सोडवलं, मामाच्याच खिशातलं भिंग काढून घेतलं आणि खिडकीशी जाऊन खटका बघितला.

"ही पट्टी कोणी घासली?"

"मी," मामा म्हणाला. "चिकटत होती."

"अहो, चिकटायलाच हवी ती! टोक खरखरीत ठेवलंय ते पातं धरून ठेवायला. तुम्ही त्याची घसरगुंडी केलीत. शहाणे आहात की कोण आहात?" मग भिंग खाली करून त्यांनी विचारलं, "आणखी कोणाचा चाकू घासलात असा?"

 खोलीत गलका चालूच होता, पण मामाला काही ऐकू येईना. डोळ्यांपुढे फक्त हातमोजा, त्यातली बोटं आणि त्या बोटांवर मिटणारं पातं. 

"नाही. माझाच," तो म्हणाला.

का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मेहुण्याची भीती म्हणा, बहिणीची म्हणा, किंवा शब्द उच्चारला की गोष्ट खरीच होईल असं वाटलं असेल. "दुकानात जाऊन येतो," असं काहीतरी पुटपुटत तो उठला. सुट्टीच्या दिवशी दुकानात कसलं काम, हे विचारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाहेर येऊन त्यानं फोन लावला. घंटा वाजत राहिली. वाजणारच होती. कामावर असताना ती सगळी पोरं फोन खाली गाडीतल्या पेटीत ठेवतात, हे तिनंच त्याला सांगितलं होतं. तरी तो पुन्हा लावत राहिला. मग स्कूटर काढली. 

कुठे काम आहे ते त्याला माहीत होतं. बस डेपोसमोरच्या उंच इमारतीवर टूथपेस्टची जाहिरात होती, ती आज उतरवायची होती. सुट्टीच्या दिवशी खाली वर्दळ नसते म्हणून असली कामं तेव्हाच काढतात. रस्ते मोकळेच होते, पण मामाला प्रत्येक सिग्नल लाल लागला, आणि प्रत्येक सिग्नलला त्याच्या मनात तोच दबका आवाज यायचा. बोट तुटलं तर कळ येऊन दुसरा हात दोरावरून सुटेल. हात सुटला तर? पट्टा आहे की कमरेला. पट्टा धरेल. पण चाकूच्या हातात उघडं पातं, आणि शेजारी दोर. अरे देवा! आपण हे काय करून ठेवलं? पोरीनं मागितलासुद्धा नव्हता चाकू. आपणच कौतुकानं दिला. ताईला काय तोंड दाखवू?

तो इमारतीपाशी पोचला. भिंतभर एक चेहरा दात काढून हसत होता, आणि त्या चेहऱ्याच्या कानापाशी, वर, खूप वर, निळ्या टोपीतली खारू लोंबकळत होती.

"खा..."

पुढचं अक्षर तोंडातून निघायच्या आत कोणीतरी त्याच्या तोंडावर हात दाबला. तो खारूच्या टोळीचा मुकादम होता.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मुकादम दबक्या आवाजात खेकसला. "वरच्या माणसाला नावानं हाक मारायची नसते. दचकून वळतो तो. आमच्या धंद्यात हा पहिला नियम."

"तिला चाकू वापरू देऊ नका! खराब आहे तो. मिटतो. तिची बोटं..."

मुकादमानं त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मग काही न विचारता लाल फडकं बांधलेली काठी उचलून डोक्यावर धरली. "ही दिसली की हात थांबवायचा आणि खाली यायचं. पण ती बघेल तेव्हा. एक बाजू सुटली की बघते ती. तोवर थांबा."

"तोवर ती कापेल!"

"कापेल. पण ओरडायचं नाही."

थांबण्यासारखी शिक्षा नाही. मामानं स्वतःच्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं, कारण त्याचा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. वर खारूनं एका हातानं कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढलं. उन्हात पातं चमकलं. इतक्या लांबून आवाज येणं शक्यच नव्हतं, पण मामाच्या कानात टक् वाजलं.

मागे गाडीचं दार आदळलं. दाजी आले होते. पायात कारखान्यातल्या सपाता, अंगावर फोमचा भुगा, हातात ती चामड्याची पट्टी तशीच. ते मामाच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मी तुमचं तोंड बघितलं मघाशी," ते म्हणाले. "स्वतःच्या चाकूसाठी माणूस असा पांढराफटक पडत नाही. तिच्याकडे बगळा आहे ना?"

"हो."

"तुम्ही घासलेला?"

"हो, दाजी."

मामाला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं. पण दाजींनी फक्त वर बघितलं. लेकीचं काम बघायला ते आजवर कधी आले नव्हते. आलो तर छाती फुटेल, असं ते ताईला म्हणायचे. आता त्यांनी मामाची बाही मुठीत धरली.

कापडाच्या वरच्या कडेला जाड दुमड असते, दोर ओवायला. खारूनं तिथूनच सुरुवात केली. पातं सरसर खाली आलं, हसणाऱ्या चेहऱ्याचा कान सुटून वाऱ्यावर फडफडायला लागला, आणि मग खालच्या दुमडीशी चाकू अडकला. खालूनसुद्धा कळलं. तिचा हात थांबला. तिनं चाकू हलवला. निघेना. तिनं पाय भिंतीला टेकवले, खांदा मागे घेतला आणि ओढला.

"नको, बाळा," दाजी पुटपुटले. "ओढू नको. सोड तो. राहू दे तिथेच."

मामानं डोळे मिटून घेतले. दाजींनी मिटले नाहीत, याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

"निघाला," दाजींचा आवाज आला. मग काही वेळानं, "पूर्ण निघाला. धरलाय तिनं. नीट धरलाय."

कापडाची कड भसकन सुटली आणि हवेत फडफडत खाली लोंबायला लागली. एक बाजू मोकळी झाली. खारूनं खाली बघितलं, लाल फडकं बघितलं, त्या शेजारी मामा बघितला आणि त्याच्या शेजारी बाप बघितला. ती भराभर दोरावरून उतरायला लागली. मामा फुटपाथवरच खाली बसला. रडू येत होतं आणि हसूही येत होतं. वाचली! देवा, वाचली पोरगी!

"काय झालं? आई बरी आहे ना?" पाय टेकायच्या आतच तिनं विचारलं.

"आई ठणठणीत आहे," दाजी म्हणाले. "चाकू दाखव."

तिनं आधी मामाकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. "कोणता चाकू, बाबा?"

"खारू. दाखव."

तिनं पिशवीतून बगळा काढला. तो उघडाच होता. पात्याच्या बुडापासून मुठीच्या अर्ध्यापर्यंत त्याला काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळलेली होती, वेढ्यावर वेढे, इतकी की कोरलेल्या बगळ्याचं फक्त डोकं बाहेर राहिलं होतं. असा चाकू मिटणं शक्यच नव्हतं. दाजींनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"हे रोज करतेस?" मामानं बसल्या जागेवरून विचारलं.

"सकाळी गुंडाळते. संध्याकाळी काढते."

"काढतेस कशाला?"

 खारू दोरावरची धूळ झटकल्यासारखं करत म्हणाली, "तुझ्या दुकानात यायचं असतं ना. तुला टक् ऐकायचं असतं."

 पोरीला कळलं होतं तर. खटका टिकत नाही हे तिला कळलं होतं, आणि तिनं चिकटपट्टी लावून भागवलं होतं, कोणाला न सांगता, मामाला वाईट वाटेल म्हणून. किती शहाणी पोरगी! मामाला तिचा अभिमान वाटला. आणि मग हळूहळू, थंड पाण्यात पाय जावा तसा, दुसरा विचार आला. तिला कळलं कसं?

तो उठला. तिच्याजवळ गेला.

"हातमोजा काढ."

"कशाला रे मामा? झालं ना आता. बाबा, आपण घरी..."

"काढ, खारू."

तिनं डाव्या हाताचा काढला. "उजव्या," मामा म्हणाला. तिनं बापाकडे बघितलं, पण बापही तिच्या हाताकडेच बघत होता. तिनं उजवा हातमोजा काढला. मधल्या बोटाच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या पेराशी, आडवी पांढरी रेघ होती. सरळ, बारीक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गाडीच्या दारात सापडलेलं बोट चेचलं जातं, त्याला अशी रेघ उमटत नाही, हे मामाला तेव्हाच कळायला हवं होतं. बँडेज बदलून देतो म्हणून तो तिच्या मागे लागला होता, आणि तिनं एकदाही बदलू दिलं नव्हतं.

"मूठ मिट," तो म्हणाला.

"अरे, दुखत नाही काही आता."

"मिट बघू."

तिनं मूठ मिटली. चार बोटं मिटली. मधलं बोट अर्ध्यावर येऊन थांबलं आणि तसंच ताठ राहिलं. तिनं ते दुसऱ्या हातानं झाकायचा प्रयत्न केला, पण दाजींनी तो हात आधीच आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. 

"फार काही नाही रे," खारू मामाला म्हणाली. "दोर धरता येतो. उगाच रडू नकोस."

दाजींच्या हातातून निसटून चाकू फुटपाथवर पडला होता. मामानं तो उचलला आणि नखानं चिकटपट्टीचं टोक शोधायला लागला. वेढे फार घट्ट होते. शेवटचा वेढा सुटला तेव्हा त्यानं आतल्या पोलादी पट्टीवर अंगठा ठेवला, आणि त्यानं स्वतः इतकी गुळगुळीत केलेली ती पट्टी सरकून चाकू, आवाज न करता, अलगद मिटला.